भिंतीपासून दोन हात पुढे

"मामा, मागचं सगळं विरघळलेलं पाहिजे." भाच्याची मागणी एवढीच होती. कुडाळजवळच्या एका दशावतारी मंडळावर तो दहा-बारा मिनिटांचा माहितीपट करत होता. सुरुवातीची तीन मिनिटं रंगपटातली, म्हणजे नट रंगून तयार होतात त्या खोलीतली. शेतातून आलेला, पन्नाशीचा, साधा बनियन घातलेला माणूस आरशासमोर बसतो आणि तासाभरात राजा होऊन उठतो. मागे देवळाच्या धर्मशाळेची चिऱ्याची भिंत, तिच्यावर खुंट्या, खुंट्यांना पिशव्या, एक राजकीय कॅलेंडर आणि मोबाईल चार्जिंगला लावलेल्यांची गर्दी. हे सगळं धूसर व्हावं आणि चेहरा तेवढा उरावा, अशी त्याची इच्छा. इच्छा रास्त होती.

मी गेली बावीस वर्षं लग्नं शूट करतो. 'डेप्थ' कशी काढायची, म्हणजे माणूस स्पष्ट ठेवून मागचं धूसर कसं करायचं, हे मला येतं असा माझा समज होता. या कामात तो समज एकदा सपशेल खोटा पडला, म्हणून सगळं तपशिलात लिहून ठेवतो आहे.

त्याच्याकडे सेकंडहँड पॅनासॉनिक जीएच५ कॅमेरा होता. सोबत १४-४२ ची किट लेन्स आणि २५ मिमी एफ/१.७. (एफपुढचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं.) माझ्या कपाटात फिल्मच्या काळातली निकॉनची ५० मिमी एफ/१.८ एआय-एस, म्हणजे हाताने फोकस करायची, तीच लेन्स ऑटोफोकसवाल्या 'डी' रूपात, आणि कधीतरी हौसेने घेतलेली रशियन हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ मिमी एफ/२. जीएच५ चा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, मायक्रो फोर थर्ड्स या मापाची, १७.३ बाय १३ मिमी. फिल्मची चौकट ३६ बाय २४. म्हणजे चित्राचा मधला भागच टिपला जाऊन माझी ५० मिमी या कॅमेऱ्यावर १०० सारखी दिसणार. छोट्या सेन्सरवर डेप्थ निघत नाही, ही तक्रार तिथूनच सुरू होते.

तक्रार जुनी आहे. मी सुरुवातीला सोनीच्या पीडी१७० या व्हिडिओ कॅमेऱ्यावर काम केलं. त्याच्या तीन चिपा एक-तृतीयांश इंचाच्या. त्यात मागचं धूसर करायचं तर एकच उपाय होता, मंडपाच्या पार टोकाला जायचं आणि झूम पूर्ण ताणायचा. मग नवरीच्या मागचे काका-मामा थोडेफार विरायचे. पुढे एकदा ऐकीव माहितीवर मी सीडी प्लेयरची मोटर आणि एक दुधी काच घेऊन डबाच बनवला होता. फोटोच्या लेन्सचं चित्र फिरत्या दुधी काचेवर पाडायचं आणि कॅमेऱ्याने ती काच शूट करायची. काच फिरती का, तर तिचे दाणे दिसू नयेत म्हणून. चित्र उलटं दिसायचं, डबा उजेड खायचा आणि मोटरची घरघर ध्वनीत यायची. पण डेप्थ खरी फिल्मच्या चौकटीची मिळायची. २००८ मध्ये कॅनन ५डी मार्क टू पूर्ण आकाराच्या सेन्सरवर १०८०पी व्हिडिओ देऊ लागला आणि माझा डबा माळ्यावर गेला. अजून तिथेच आहे.

तर आता मार्ग तीन होते. एक, आहे ती २५ मिमी वापरायची. दोन, साधा ॲडॉप्टर घेऊन जुनी ५० लावायची. हा ॲडॉप्टर म्हणजे पोकळ नळी, आत काच नसते. निकॉनच्या लेन्सला मागची फिल्म ४६.५ मिमीवर हवी असते, मायक्रो फोर थर्ड्सला १९.२५ वर. मधली २७.२५ मिमीची फट ही नळी भरते, बाकी काही करत नाही. तिसरा मार्ग फोकल रिड्यूसर. त्यात काच असते. मोठ्या चौकटीसाठी पडणारं चित्र ती आकसून छोट्या सेन्सरवर आणते. मेटाबोन्सने जानेवारी २०१३ मध्ये 'स्पीड बूस्टर' या नावाने ही कल्पना बाजारात आणली आणि नंतर तशा अनेक वस्तू आल्या. ०.७१ पट रिड्यूसर लावला की ५० मिमी होते ३५.५ मिमी, आणि एफ/१.८ होतो साधारण एफ/१.२८. म्हणजे एक स्टॉप उजेड जास्त, दुप्पट.

रिड्यूसर घ्यायचं ठरलं तेव्हा भाचा निकॉनचाच घेत होता. मी त्याला थांबवलं, आणि या साऱ्या प्रकरणात मी आधीपासून बरोबर होतो असं हे एकच ठिकाण आहे. रिड्यूसर कॅनन ईएफ लेन्सच्या बैठकीचा घ्यावा. ईएफ लेन्स ४४ मिमीवर बसते. निकॉन ४६.५, ऑलिंपस ओएम ४६, हेलिओसचे एम४२ आटे आणि पेंटॅक्स के ४५.४६. या सगळ्या ४४ पेक्षा जास्त, म्हणून एक पातळ रिंग लावली की त्या ईएफवर बसतात आणि दूरचं स्पष्टही होतं. उलट निकॉनचा रिड्यूसर घेतला असता तर हेलिओस त्यावर दूरचं कधीच टिपू शकली नसती, कारण एम४२ ला निकॉनपेक्षा मिलिमीटरभर जवळ जावं लागतं. कॅनन एफडी आणि मिनोल्टा एमडी मात्र ईएफवर चालत नाहीत, त्यांची अंतरं ४२ आणि ४३.५. महागडी काच एकदाच घ्यायची आणि रिंगा स्वस्तात गोळा करायच्या, असा हा व्यवहार. फक्त काही जुन्या लेन्सचा मागचा भाग बाहेर आलेला असतो, तो रिड्यूसरच्या काचेला टेकत नाही ना हे हळूच बसवून बघावं.

ईएफच्या खऱ्या लेन्स मात्र आम्ही घेतल्या नाहीत. त्यांचं छिद्र विजेवर चालतं. विजेच्या टोकांशिवायचा ॲडॉप्टर असेल तर ते बदलताच येत नाही. तीच गत निकॉनच्या 'जी' लेन्सची, तिला ॲपर्चरची रिंगच नाही. जुन्या लेन्सचा खरा फायदा ही रिंग आहे. 'डी' वाल्या ५० ला रिंग आहे, पण तिचं फोकस इतकं सैल आणि आखूड की बोट लागलं तरी माणूस हलतो. एआय-एसचं फोकस जड आणि लांब फिरतं. व्हिडिओला तीच हवी.

घरी अंगणात चाचणी घेतली. भाचीला तुळशीपाशी उभं केलं, मागे वीस-पंचवीस पावलांवर माड. साध्या ॲडॉप्टरवर ५० लावली आणि माडांचे हिरवे फुगे झाले. रिड्यूसरवरही तसेच फुगे. २५ मिमीत माड ओळखू येत होते. भाचा खूश. "मग साधा ॲडॉप्टरच बस की मामा, रिड्यूसर परत करू." मीही हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत जाऊन बघितलं आणि तिथे गणित फसलं. मंडळाचे मालक स्वतःच राजाची भूमिका करतात, तेच आरशासमोर बसले. खोली तेरा फुटांची. २५ मिमीने दीड मीटरवरून कमरेपर्यंतची चौकट घेतली, साधारण मीटरभर रुंदीची. मग तीच चौकट ५० ने घ्यायला तीन मीटर मागे सरकलो, पाठ समोरच्या भिंतीला लागली. मालकांच्या मागची भिंत त्यांच्यापासून दोन फुटांवर. आणि दोन्ही चित्रांत कॅलेंडर जवळजवळ सारखंच दिसत होतं. पक्षाचं चिन्हसुद्धा ओळखू येत होतं.

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं लेन्स खराब असेल. लेन्स खराब नव्हती.

रात्री घरी वहीवर हिशेब मांडला. आधी स्पष्ट दिसणारी खोली बघू. या सेन्सरसाठी ०.०१५ मिमीपर्यंतचा धूसरपणा 'स्पष्ट' धरतात. त्या मापाने २५ मिमी एफ/१.७, दीड मीटरवर, पुढून मागे १८ सेंटिमीटर स्पष्ट. ५० मिमी एफ/१.८, तीन मीटरवर, १९ सेंटिमीटर. म्हणजे सारखंच! चौकट तीच आणि एफ-आकडा तोच असेल तर एका सेन्सरवर लेन्स कितीही लांब घ्या, स्पष्टतेची जाडी बदलत नाही. लांब लेन्सने जे मिळतं ते मागे सरकण्यात परत जातं. रिड्यूसरवर एफ/१.२८ झाल्यामुळे ती १४ वर आली, एवढाच फरक.

मग अंगणात माडांचे फुगे कसे झाले? कारण स्पष्ट जाडी वेगळी आणि मागचं किती विरघळतं ते वेगळं. आम्ही दोन्हींना 'डेप्थ'च म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. मागचं किती विरघळेल हे ठरतं लेन्सच्या छिद्राच्या खऱ्या व्यासावर. लेन्सच्या मिलिमीटरला एफ-आकड्याने भागा. किट लेन्स ४२ ला एफ/५.६, व्यास ७.५ मिमी. २५ ला एफ/१.७, व्यास १४.७. ५० ला एफ/१.८, व्यास २७.८. रिड्यूसर लावल्यावर ३५.५ भागिले १.२८, पुन्हा २७.८. छिद्र तेच, रिड्यूसर ते वाढवत नाही. खूप दूरचा दिवा चौकटीच्या रुंदीच्या किती भागाएवढा फुगेल, तर हा व्यास भागिले तुम्ही विषयापाशी, म्हणजे ज्याला टिपता त्या माणसापाशी, टिपलेली रुंदी. मीटरभर रुंदी असेल तर २५ मिमीत शेकडा दीड, ५० मध्ये पावणेतीन. अंगणातला फरक हाच.

पण हे 'खूप दूरच्या' दिव्याचं झालं. भिंत जवळ असली की या व्यासाला आणखी एका अपूर्णांकाने गुणावं लागतं. विषयापासून भिंतीचं अंतर, भागिले कॅमेऱ्यापासून भिंतीचं अंतर. २५ मिमी, कॅमेरा ते भिंत २.१ मीटर, त्यातले ०.६ मालकांच्या मागचे. १४.७ चे उरले ४.२. साध्या ॲडॉप्टरवर ५० साठी कॅमेरा ३.६ मीटरवर गेला, ०.६ मात्र तेच. २७.८ चे उरले ४.६. चार पूर्णांक दोन आणि चार पूर्णांक सहा. कॅलेंडरला हा फरक कळणार कसा! रिड्यूसरवर कॅमेरा विषयापासून २.१३ मीटरवर, उत्तर ६.१. बरं, पण भाच्याला हवं तेवढं नाहीच.

मग मी फक्त ०.६ च्या जागी १.५ लिहून बघितलं, म्हणजे मालक भिंतीपासून नव्वद सेंटिमीटर पुढे सरकले तर. २५ मिमी, ७.४. भाच्याची स्वस्त लेन्स, ॲडॉप्टर नाही, काही नाही, आणि तरी ती भिंतीजवळच्या रिड्यूसरच्या पुढे गेली. रिड्यूसरसह ११.५. साध्या ॲडॉप्टरला आता साडेचार मीटरची खोली लागली असती, ती तिथे नव्हती. म्हणजे रिड्यूसर परत करायचा नाही, पण त्याचं कारण आता निराळं होतं. तो त्या खोलीत मावत होता.

बावीस वर्षं मी स्टेजवर नवरा-नवरीला मागच्या फुलांच्या पडद्याला चिकटवून बसवत आलो आणि लेन्सवर पैसे घालत आलो. असो.

जत्रेच्या रात्री

नव्वद सेंटिमीटर म्हणजे दोन हात. सांगायला सोपं, पण रंगपटात कोण कुठे बसतो ते ठरलेलं असतं. भिंतीशी मंडळाचा पेटारा, त्यावर गणपतीचा मुखवटा, पुढे निरांजन. मालकांची जागा त्याच्या शेजारी. भाच्याने उत्साहात पेटारा सरकवायला हात पुढे केला तर मालक ताडकन म्हणाले, "पेटाऱ्याक हात लावू नको. मी सरकतंय फुडे." आणि आपली पत्र्याची ट्रंक, आरसा, रंगांच्या डब्या घेऊन ते पुढे आले. पेटारा जागेवरच राहिला. मागे निरांजनाची ज्योत आणि मुखवटा असा एक तांबूस सोनेरी डाग चौकटीत आला, तो आम्ही योजलेला नव्हता.

उजेडाला एकच बल्ब होता, तो काढून आम्ही आमचा घरचा मोठा एलईडी बल्ब लावला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंद ठेवलं की बहुतेक दिवे लुकलुकत नाहीत. बाहेर जत्रेतल्या दुकानांच्या एलईडी माळांनी मात्र काही शॉटमध्ये पट्टे दिलेच. ते शॉट टाकून द्यावे लागले.

पहिला टेक पूर्ण उघड्या छिद्रावर घेतला. छोट्या मॉनिटरवर सुंदर दिसला. मालकांनी मुकुट चढवल्यावर तो टेक मागून घेतला आणि डोळ्यांशी धरून बघितला. "माझो मुकुट खंय गेलो रे?" खरंच गेला होता. चौदा सेंटिमीटरच्या जाडीत चेहरा मावतो, पण माणूस आरशाकडे वाकला की डोळे पुढे येतात आणि मुकुटाचं मागचं पान त्या जाडीच्या बाहेर जातं. शिवाय पूर्ण उघड्यावर या जुन्या लेन्सला एक दुधाळ पदर येतो, जरीवर तो फारच दिसतो. ज्या मुकुटासाठी माणूस तासभर बसला तोच आम्ही पुसून टाकला होता.

रिंग २.८ वर आणली. रिड्यूसरमुळे प्रत्यक्षात एफ/२. स्पष्ट जाडी साधारण २२ सेंटिमीटर झाली, चेहरा आणि मुकुट दोन्ही आत आले, दुधाळपणा गेला. मागचा विरघळलेपणा ११.५ वरून ७.३ वर उतरला, तरी आदल्या दिवशीच्या ४.६ पेक्षा कितीतरी जास्त. कॅलेंडर नुसता रंग होऊन राहिलं. ज्योतीचा फुगा गोल न राहता सातकोनी झाला, कारण या लेन्सच्या छिद्राला सात पाती आहेत. भाच्याला ते खटकलं, मला नाही.

एक शॉट मात्र लेन्सच्या हिशेबाला दाद देईना. खांद्यावरून हातातल्या छोट्या आरशात दिसणारा चेहरा. भाचा फोकस आरशावर लावत होता आणि चेहरा धूसरच येत होता. आरशातलं चित्र आरशाच्या काचेवर नसतं. कॅमेरा ते आरसा १.८ मीटर आणि आरसा ते चेहरा ०.४, म्हणजे फोकस २.२ मीटरवर लावायला हवं. आरशाची चौकट आणि ती धरणारी बोटं ०.४ मीटर अलीकडे राहतात, ती कधीच एका वेळी स्पष्ट होत नाहीत. कळल्यावर आम्ही त्याचाच शॉट केला. आधी काजळ लागलेली बोटं, मग हळूच फोकस मागे नेत आतला डोळा. जीएच५ मध्ये फोकस पीकिंग आहे, स्पष्ट कडांना रंग चढतो, पण आरशाच्या कडेलाच तो आधी चढतो आणि फसवतो. चित्र मोठं करून डोळ्याची पापणी बघावी. मालकांनी पाच वेळा काजळाचा हात तसाच आणला, एकदाही कुरकुर नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. हातात धरून शूट करताना चित्र वाकडंतिकडं डुचमळत होतं. कॅमेरा चालू करताना लेन्सची लांबी विचारतो, भाच्याने ५० भरली होती. रिड्यूसर असला की ३५ भरायची, म्हणजे आतलं स्थिरीकरण योग्य तेवढंच हलतं.

पहाटे तीनच्या सुमाराला पखवाज आणि पेटी रंगात आली तेव्हा बाहेर दव पडू लागलं होतं आणि लेन्सच्या पुढच्या काचेवर धुरकट साय. पुसलं की दोन मिनिटांत परत. रंगपटाच्या दाराशी, माणसांच्या उबेत थांबून काम केलं. दमट हवेतून आलेली लेन्स तशीच बॅगेत कोंबली तर कोकणात वर्षभरात आत बुरशीची जाळी उभी राहते. माझी हेलिओस तशीच गेली, म्हणून ती या कामात आलीच नाही. सिलिका जेलची पाकिटं घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो. जेल अधूनमधून तापवून कोरडं करावं, नाहीतर त्या डब्याचा उपयोग नाही.

समुद्राचा शॉट

शेवटच्या शॉटला मालक वेंगुर्ल्याच्या बंदरावर, रंग उतरवलेले, समुद्राकडे पाठ करून. सकाळी दहाला गेलो हीच चूक. कोकणातल्या उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० आणि १/५० शटरला छिद्र एफ/३२ पर्यंत बंद करावं लागेल, आम्हाला एफ/२ हवं. फरक आठ स्टॉपचा, म्हणजे २५६ पट उजेड कापणारी काळी काच. आमच्याकडचा फिरवता एनडी, म्हणजे कमी-जास्त काळी करता येणारी तशी काच, तेवढा फिरवला की आकाशात काळी फुली उमटते. दोन एकावर एक चढवले तर रंग हिरवट. दुपारी घरी जाऊन झोपलो आणि उन्हं कलल्यावर परत आलो.

तेव्हा दुसरंच निघालं. मालकांवरून फोकस मागे क्षितिजावर न्यायचं होतं. रिंग टोकाला टेकली तरी क्षितिज मऊच. रंगपटात दोन मीटरच्या पुढे काही बघितलंच नव्हतं आणि मागचं विरघळवण्याच्या नादात अंगणातही दूरचं कधी स्पष्ट करून पाहिलं नव्हतं. त्यामुळे हा दोष कळायला समुद्र लागला. रिड्यूसरची काच कारखान्यातून केसभर चुकीच्या जागी बसून आली होती. सुदैवाने ती आट्यांवर असते आणि बाजूचा बारीक स्क्रू सैल केला की फिरते. एनडी काढला, छिद्र पूर्ण उघडलं, लेन्स टोकाला नेऊन ठेवली. मागून काच पाव फेरा फिरवायची, लेन्स चढवायची, चित्र मोठं करून बघायचं, परत काढायची. खाऱ्या वाऱ्यात हे करू नये, पण दुसरा दिवस मालकांकडे नव्हता, संध्याकाळी पुढच्या गावची जत्रा होती.

लक्ष्य म्हणून समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह धरलं. अंधारल्यावर त्याचा दिवा लागला. तो मिचकावतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यानंतर पुढच्या उजेडाची वाट बघावी लागली. भाचा मॉनिटरवर, मी स्क्रूड्रायव्हर घेऊन, मालक मोबाईलच्या उजेडाने आमच्या हातांवर. सहाव्या की सातव्या खेपेला दिवा टाचणीच्या टोकाएवढा झाला. स्क्रू आवळला. शॉटपुरता उजेड तोवर गेला होता, तो आम्ही चार दिवसांनी मालक परत आल्यावर घेतला.